जिन्याखालचा मुलगा आणि परीस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव साहेबांनी मला आधी विषय दिला होता, 'मृत्युपत्र आणि नामनिर्देशन'. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात, व्याजाचा दर आणि नॉमिनेशन. पण सप्ताहाचा हा दिवस मुलांचा आहे. मुलांनी मला सोसायटीच्या गेटवर अडवून सांगितलं, "आबाजी, हॅरी पॉटरवर बोला." मी म्हटलं, ठीक आहे. नामनिर्देशनाचा फॉर्म कार्यालयात ठेवलेला आहे, ज्यांनी भरला नाही त्यांनी भरावा. आता आपण हॅरीकडे वळू.

पुस्तकाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. मूळ इंग्रजी पुस्तक जे. के. रोलिंग या बाईंनी लिहिलं आणि ते २६ जून १९९७ रोजी लंडनमध्ये प्रकाशित झालं. बाईंचे दिवस तेव्हा हलाखीचे होते. पदरात लहान मुलगी, नोकरी नाही, एडिनबरा शहरातल्या चहा-कॉफीच्या दुकानात बसून लिखाण केलं. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं होतं. पुढे २००७ पर्यंत सात भाग झाले. मराठी अनुवाद भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने काढले. मी बोलणार आहे ते मुख्यतः पहिल्या भागाबद्दल. बाकीचे भाग जाडजूड होत जातात आणि माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

हे पुस्तक साधारण नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेलं आहे. आणि त्याचा प्रकार आहे शहरातल्या अद्भुताचा. म्हणजे काय? आपल्या लहानपणीच्या गोष्टीत आटपाट नगर होतं. ते कुठे आहे, तिथे एसटी जाते का, हे कोणी विचारत नसे. 'चांदोबा'तले राजे-राजपुत्र, विक्रम आणि वेताळ, हे सगळं दूर, कोणत्या तरी जुन्या काळात. इथे तसं नाही. इथे लंडनचं किंग्ज क्रॉस नावाचं खरंखुरं रेल्वे स्टेशन आहे आणि त्याच्या नवव्या आणि दहाव्या फलाटाच्या मधल्या भिंतीतून पलीकडे गेलं की पावणेदहा नंबरचा फलाट लागतो. लोक बॅगा घेऊन बाजूने चालले आहेत, चहा पिऊन राहिले आहेत, आणि त्यांना पत्ता नाही. असं समजा की आपण वरठीला, भंडारा रोड स्टेशनवर, गाडीची वाट पाहत उभे आहोत आणि दोन फलाटांच्या मध्ये एक पोट्टा सामानासकट खांबात शिरला. ही त्या गोष्टीची गंमत.

मोठी माणसं म्हणतात, असं काही नसते. मी पवनीच्या शाखेत होतो तेव्हा गावाबाहेरची जगन्नाथ टेकडी रोज बघायचो. पिढ्यान् पिढ्या लोकांनी ती टेकडीच समजली. तिथे गुरं चरली, मुलं खेळली. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, तर खालून बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. त्यात जादू काहीच नव्हती, फावडी-कुदळीचं काम होतं. पण रोजच्या पायाखाली काही तरी मोठं असू शकतं आणि शेजारून जाणाऱ्याला ते दिसत नाही, एवढं तरी भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला पटायला हरकत नसावी.

आता कथा थोडक्यात, ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी. हॅरी एक वर्षाचा असताना त्याच्या आई-वडिलांना व्होल्डेमॉर्ट नावाच्या दुष्ट जादूगाराने मारलं. हॅरीवरही वार केला, पण तो उलटला. मुलाच्या कपाळावर विजेसारखी एक खूण तेवढी राहिली. पोराला मावशीच्या दारात ठेवण्यात आलं. मावशी आणि तिचा नवरा, डर्स्ली कुटुंब, यांनी त्याला दहा वर्षं सांभाळलं. 'सांभाळलं' हा शब्द मी नाइलाजाने वापरतो. अकराव्या वाढदिवशी, ३१ जुलैला, त्याला कळलं की आपण जादूगार आहोत आणि हॉगवर्ट्स नावाच्या शाळेत आपलं नाव दाखल आहे. तिथे त्याला रॉन आणि हर्मायनी हे दोन मित्र भेटतात, आणि शाळेत लपवून ठेवलेला परीस चोराच्या हाती लागू नये म्हणून ही तीन पोरं जीव धोक्यात घालतात.

माझ्या दृष्टीने ह्या पुस्तकाची सगळ्यात महत्त्वाची जागा ती शाळा नाही, किल्ला नाही, उडते झाडू तर नाहीच नाही. ती जागा आहे प्रिव्हेट ड्राइव्ह, घर क्रमांक चार. ही एक वसाहत आहे. आपल्यासारखीच. एकसारखी घरं, पुढे कापलेलं हिरवं गवत, धुतलेल्या गाड्या. डर्स्ली साहेबांचा ड्रिल बनवणाऱ्या कंपनीत चांगला हुद्दा. बाईंचा एक उद्योग म्हणजे कुंपणावरून मान लांब करून शेजाऱ्यांकडे काय चाललंय ते पाहणं. आणि ह्या घराला एकच भीती, लोक काय म्हणतील. आपल्या घरात कोणी तरी वेगळं आहे हे लोकांना कळलं तर?

त्या घरात वरच्या मजल्यावर चार झोपायच्या खोल्या आहेत. एक नवरा-बायकोची. एक पाहुण्यांची. एक त्यांच्या लाडक्या डडलीची. आणि चौथी? चौथी डडलीच्या मोडक्या खेळण्यांची! आणि हॅरी कुठे झोपतो? जिन्याखालच्या कपाटात. जिथे आपण झाडू, जुनी रद्दी आणि कूलर ठेवतो तिथे. त्याला डडलीचे जुने कपडे. भिंतीवर डडलीचे फोटो, हॅरीचा एकही नाही. पाहुणे आले की त्याने आवाज करायचा नाही.

आणि मग एक दिवस पत्र येतं. इथे लेखिकेने जे केलं त्याला मी मनापासून दाद देतो. आयुष्यात त्याला आलेलं हे पहिलं पत्र, आणि पाकिटावर पत्ता नेमका लिहिलेला आहे. हॅरी पॉटर, जिन्याखालचं कपाट, प्रिव्हेट ड्राइव्ह, अमुक अमुक. मी ३६ वर्षं पत्ते तपासले. केवायसी हा शब्द पुढे आला, काम तेच होतं. पत्ता म्हणजे तुम्ही इथे राहता हे कोणाला तरी माहीत आहे याचा पुरावा. तो पत्ता वाचून डर्स्ली साहेबांचा चेहरा पडतो आणि त्याच दिवशी हॅरीला कपाटातून काढून चौथी खोली देण्यात येते. का, तर बाहेरच्या कोणाला तरी कळलं आहे. दहा वर्षं ज्या मनाला पाझर फुटला नाही, ते मन एका पाकिटावरच्या ओळीला घाबरलं.

याच्याकडे मी परत येतो. मध्ये थोडं बँकेबद्दल बोलू द्या, माझा हक्क आहे.

जादूगारांची एक बँक आहे, ग्रिंगॉट्स. ती गॉब्लिन नावाचे बुटके, हुशार आणि अत्यंत चिवट प्राणी चालवतात. माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांची आठवण झाली. तिथलं चलन असं, १७ सिकल म्हणजे १ गॅलिअन आणि २९ नट म्हणजे १ सिकल. नातू म्हणाला, "आबाजी, हे किती विचित्र आहे!" मी म्हटलं, बाळा, आमच्याकडे १६ आण्यांचा रुपया होता, ४ पैशांचा आणा, ३ पईंचा पैसा, म्हणजे रुपयाला १९२ पई. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. तुझ्या गॅलिअनचे ४९३ नट होतात, करून बघ. त्याने कॅल्क्युलेटर काढला. मी तोंडी केलं होतं.

ग्रिंगॉट्सच्या लॉकरची व्यवस्था वाचून मात्र मला झोप आली नाही. ७१३ नंबरच्या तिजोरीला चावीच नाही. गॉब्लिनने बोट फिरवलं की दार विरघळतं, दुसऱ्या कोणी हात लावला तर तो आत ओढला जातो. आणि आत कोणी अडकलं आहे का, हे किती दिवसांनी तपासतात? दहा वर्षांनी! आमच्याकडे अशी शाखा असती तर मॅनेजरला त्याच दिवशी निलंबित केलं असतं. आपल्याकडे स्ट्राँगरूमला दोन चाव्या, दोन माणसांकडे, आणि तपासणी कधीही, न सांगता. पण एक गोष्ट त्यांनी नियमाप्रमाणे केली. शाळेच्या कामाची वस्तू काढायला हॅग्रिड गेला तेव्हा त्याच्याकडे मुख्याध्यापक डम्बलडोर यांचं अधिकारपत्र होतं. त्याशिवाय दिली नाही. आणि हॅरीच्या आई-वडिलांनी मागे ठेवलेलं सोनं त्याच्या नावाने दहा वर्षं तसंच सुरक्षित होतं, डर्स्लींना त्याचा पत्ताही नव्हता. अज्ञान मुलाचं खातं आणि पालकच लबाड, असे प्रसंग मी पाहिलेले आहेत, म्हणून ही व्यवस्था मला फार आवडली. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे १० वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. हॅरी अकराचा, म्हणजे आपल्या नियमातही बसला असता. सतरंजीवर बसलेल्यांपैकी कोणाकोणाचं खातं आहे, हात वर करा. बरं, बरं. बाकीच्यांच्या वडिलांशी मी नंतर बोलतो.

आता मुलं. रॉन हा सात भावंडांतला एक. पाच भाऊ त्याच्या आधीचे. त्याला जे मिळतं ते वापरलेलं, झगा भावाचा, छडी भावाची, उंदीरसुद्धा भावाचा. मोठ्या कुटुंबात वाढलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने दादाची पँट कंबरेत दुमडून घातलेली आहे, तेव्हा रॉन समजावून सांगायची गरज नाही. हर्मायनीचे आई-वडील दोघंही दातांचे डॉक्टर, जादूशी संबंध नाही. ती सगळी पुस्तकं आधीच पाठ करून येते, वर्गात सारखा हात वर, आणि त्यामुळे कोणाला आवडत नाही. हुशार मुलीला सगळे 'शिष्ट' म्हणतात, तसं. रॉन तिला टोचून बोलतो, ती रडत स्वच्छतागृहात जाऊन बसते, आणि त्याच वेळी एक भलाथोरला राक्षस शाळेत शिरतो. दोघं मुलं तिला वाचवायला जातात आणि ती त्यांच्या वाटची चूक आपल्या अंगावर घेते. तिथून त्यांची मैत्री. मला विचाराल तर तिघांत खरी कर्ती तीच आहे. शेवटच्या परीक्षेत बाटल्यांचं तर्काचं कोडं ती सोडवते, जादूने नाही, डोकं लावून.

पण माझा आवडता मुलगा आहे नेव्हिल. गोल चेहऱ्याचा, विसराळू, भित्रा, बेडूक हरवणारा. ही तिघं रात्री नियम मोडून बाहेर पडतात तेव्हा तो एकटा दारात उभा राहून म्हणतो, मी जाऊ देणार नाही. ते त्याचे मित्र आहेत. हरायचं आहे हे त्याला माहीत आहे. हर्मायनी जादू करून त्याला लाकडासारखा ताठ करून पाडते. वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर गुण वाटतात. मी बेरीज तपासली आहे, बरोबर आहे. त्यांच्या गटाचे ३१२ गुण, विरुद्ध गटाचे ४७२. रॉनला ५०, हर्मायनीला ५०, हॅरीला ६०. झाले ४७२, म्हणजे बरोबरी. आणि मग नेव्हिलला १०. तेवढ्या दहांनी ढाल येते. ते दहा गुण कशाचे? शत्रूसमोर उभं राहायला धैर्य लागतं, पण आपल्याच मित्रांसमोर उभं राहायला जास्त लागतं, याचे.

आपल्या पंचवीस आमसभा झाल्या. सगळे हात वर असताना एक हात खाली ठेवायचा, आणि तेही अशा माणसांसमोर ज्यांच्याकडे संध्याकाळी चहाला जायचं आहे. ज्यांनी ते केलं ते इथेच बसले आहेत. त्यांना नेव्हिल कळेल.

दुष्ट कोण, याबद्दलही पुस्तकात एक चांगली गाठ आहे. स्नेप नावाचे मास्तर, काळा झगा, तेलकट केस, बोलणं तिखट. सगळी मुलं धरून चालतात की चोर हाच. आणि दुसरे क्विरेल मास्तर, बिचारे, घाबरट, बोलताना अडखळणारे. शेवटी निघतं उलटं. स्नेप हॅरीला वाचवत होते आणि व्होल्डेमॉर्ट क्विरेलच्या पागोट्याखाली लपला होता. मी नोकरीत पाहिलेले अपहार बहुतेक नम्र, हसतमुख, कधी रजा न घेणाऱ्या माणसांनी केलेले होते. रजा का घेत नव्हते ते नंतर कळलं.

इथे आपल्या एका ताईंनी आधीच मला विचारलं होतं की मुलांना जादूटोण्याची पुस्तकं कशाला द्यायची? प्रश्न योग्य आहे, विशेषतः आपल्या भागात. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या विदर्भात आपण वाचलेल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तो कायदा २०१३ साली आपल्या राज्यात झाला, त्यांच्या हत्येनंतर. तेव्हा हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. पण ह्या पुस्तकात काय आहे ते पाहा. इथे जादूला सात वर्षं अभ्यास लागतो, गृहपाठ लागतो, परीक्षा असते, नापास होता येतं. कोणी बाबा नाही, कोंबडं नाही, लिंबू नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जादूने मेलेलं माणूस परत येत नाही. हॅरीचे आई-वडील सातव्या भागापर्यंत परत येत नाहीत. भोंदू नेमकं हेच विकतो. अंगात आल्याचं ढोंग करून मेलेल्याशी बोलणं करून देतो. पुस्तक त्या जागी मुलाला थांबवतं, आणि ते आरशाच्या प्रकरणात.

हे प्रकरण मुलांपेक्षा मोठ्यांनी वाचावं. रिकाम्या वर्गात एक उंच आरसा आहे. त्याचं इंग्रजी नाव उलटं वाचलं की 'डिझायर', म्हणजे इच्छा, असा शब्द होतो. त्यात चेहरा दिसत नाही, मनातली सगळ्यात खोल इच्छा दिसते. रॉनला दिसतं की तो शाळेचा प्रमुख विद्यार्थी झाला आहे, हातात ढाल आहे, पाचही भावांच्या पुढे. हॅरीला दिसतात त्याचे आई-वडील, मागे उभे राहून हसणारे. ज्याच्या घरात भिंतीवर त्याचा एक फोटो नव्हता त्याला अख्खं घराणं दिसतं. तो रोज रात्री येऊन आरशासमोर बसू लागतो. जेवणावरचं मन उडतं. तेव्हा डम्बलडोर त्याला समजावतात की ह्या आरशासमोर माणसं झुरून संपली आहेत, तू आता याला शोधू नकोस. आम्हा मोठ्यांकडेही असे आरसे असतात. कोणाचा जुना अल्बम, कोणाचा परदेशातल्या मुलाचा रात्री अकराचा व्हिडिओ कॉल. तो बंद करून झोपायला जाणं सोपं नसतं.

आणि परीस. मराठी नावात अनुवादकाने 'परीस' शब्द ठेवला याचा मला आनंद आहे, कारण आपल्याकडे तो शब्द एकटा येत नाही, त्याच्या मागे कथा येतात. इंग्रजीतला तो दगड लोखंडाचं सोनं करतो आणि शिवाय अमरत्वाचं पेय देतो. पुस्तकात तो निकोलस फ्लामेलच्या मालकीचा, वय ६६५ वर्षं. फ्लामेल नावाचा माणूस खरंच होऊन गेला. पॅरिसमधला लेखनिक, १४१८ साली वारला, त्याने १४०७ मध्ये बांधलेलं घर अजून उभं आहे. मेल्यानंतर लोकांनी त्याच्या नावावर परीस चिकटवला. धातूचं रूप पालटण्याचं आकर्षण आपल्या भंडाऱ्याला वेगळं सांगायला नको. तांब्यात जस्त मिसळून सोन्यासारखं चकाकणारं पितळ करणाऱ्या कारागिरांचं हे गाव. आपले लोक तेवढ्यावर थांबले, हे बरं झालं. पितळेच्या गुंडात निदान पाणी तरी भरता येतं.

पुस्तकाच्या शेवटी डम्बलडोर आणि फ्लामेल मिळून ठरवतात की परीस नष्ट करायचा. सहाशे वर्षं जगलेला माणूस म्हणतो, पुरे. हे वाचताना मला परिसा भागवताची गोष्ट आठवली. परिसा भागवताकडे परीस होता. त्याच्या बायकोने तो नामदेवांच्या घरची गरिबी पाहून राजाईला दिला. नामदेवांना कळलं, त्यांनी तो उचलला आणि चंद्रभागेत टाकला. परिसा भागवत चिडून आला, माझा परीस दे! नामदेवांनी पाण्यात हात घातला आणि ओंजळभर खडे काढून दिले, घे, यातला तुझा कोणता तो ओळख. सगळेच परीस. पंढरपूर आणि एडिनबरा यांच्यात किती अंतर! तरी दोन्हीकडे परीस शेवटी हातातून सुटतो.

पण परीस आरशातून मिळतो कोणाला, ही ह्या पुस्तकातली सगळ्यात हुशारीची जागा आहे. डम्बलडोरनी अशी व्यवस्था केलेली असते की ज्याला परीस फक्त शोधायचा आहे, वापरायचा नाही, त्यालाच तो मिळेल. क्विरेल आरशासमोर उभा राहतो तर त्याला दिसतं की तो परीस मालकाला देतो आहे, पण हातात काही येत नाही. हॅरी उभा राहतो आणि परीस त्याच्या खिशात येतो. माझ्या सुनेने विचारलं, "बाबा, असं कसं?" मी म्हटलं, हे मला कळतं. मी आठ वर्षं कॅश काउंटरला होतो. दिवसाला लाखो रुपये हातातून जायचे आणि संध्याकाळी वीस रुपये कमी आले तर रात्री नऊपर्यंत बसून शोधायचे. ते वीस रुपये मला हवे असत, जिवाच्या आकांताने हवे असत, पण माझ्यासाठी नाही. ज्या दिवशी कॅशिअरला नोट ही नोट वाटू लागते त्या दिवशी त्याने खुर्ची सोडावी.

आता प्रिव्हेट ड्राइव्हकडे परत येतो, म्हटलं होतं तसं.

हे पुस्तक आमच्या घरातून आणखी एका मुलाने नेऊन वाचलं. आपल्या बी विंगच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांच्या शेजारी जी खोली आहे, तिथे आपले चौकीदार, त्यांची पत्नी आणि मुलगा राहतात. बालाघाटकडचं कुटुंब. मुलगा सहावीत आहे, नगर परिषदेच्या शाळेत, मराठी आता आपल्या पोरांइतकीच बोलतो. माझा नातू दिवाळीत आला तेव्हा दोघांची गट्टी झाली आणि पुस्तक खाली गेलं. अकरा दिवसांत वाचून परत आलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. मी विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "आबाजी, शाळा संपल्यावर हॅरी परत त्याच घरी काऊन गेला? आणि त्या गल्लीतल्या लोकांना दहा वर्षं माहीत नव्हतं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाचव्या भागात आहे. हॅरीच्या आईने त्याच्यासाठी जीव दिला, तिच्या रक्ताचं नातं ज्या घरात आहे तिथे तो राहील तोवर त्याला संरक्षण. म्हणून मावशीकडे जावंच लागतं. ते मी त्याला सांगितलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच आहे. गल्लीतल्या एका बाईंना माहीत होतं. मिसेस फिग, एकट्या म्हाताऱ्या, घरभर मांजरं, घराला कोबीचा वास. डर्स्ली बाहेर गेले की हॅरीला त्यांच्याकडे बसवत, आणि त्या मांजरांचे जुने फोटो दाखवून त्याला कंटाळा आणत. तिथेही पाचव्या भागात कळतं की त्या डम्बलडोरच्या सांगण्यावरून हॅरीवर लक्ष ठेवून होत्या. आणि मुद्दाम त्याचे लाड करत नव्हत्या, कारण हा तिथे खूश असतो असं डर्स्लींना कळलं असतं तर त्यांनी त्याला पाठवणंच बंद केलं असतं. बाकी गल्लीचं काय? त्यांनी गवत कापलं, गाड्या धुतल्या. लेखिकेने त्यांना नावंसुद्धा फारशी दिलेली नाहीत.

आपल्या चौकीदारांच्या मुलाचं आणि हॅरीचं साम्य खोलीपुरतं आहे, हे मी स्पष्ट करतो. त्याचे आई-वडील त्याच्यावर जीव टाकतात, शाळेत तो पहिल्या पाचांत आहे. त्याची कीव करण्याचं काही कारण नाही, आणि मी हे त्याच्या वडिलांना विचारून बोलतो आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्या कार्यालयात जे लोखंडी कपाट आहे, ज्याला आपण ग्रंथालय म्हणतो, त्याच्या नियमावलीत दुसरं कलम असं आहे की पुस्तकं 'सदस्यांच्या मुलांना' मिळतील. बागेच्या फलकावर तेच शब्द. त्यामुळे तो मुलगा कपाटासमोर येतो, काचेतून नावं वाचतो आणि जातो. कोणी त्याला हाकललेलं नाही. नियमात त्याचा पत्ता नाही, एवढंच. आपल्याकडे धुणी-भांडी करायला येणाऱ्या बायांच्या मागे येऊन पायरीवर बसणारी तीन-चार मुलं आहेत, त्यांचंही तेच.

म्हणून मी कार्यकारिणीकडे लेखी अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. 'सदस्यांच्या मुलांना' ह्या शब्दांऐवजी 'आवारात राहणाऱ्या व येणाऱ्या सर्व मुलांना' असे शब्द घालावेत. अनामत रक्कम ५० रुपये आहे, ती ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी मी पाच मुलांची भरून ठेवतो. पुस्तकं हरवतील असं कोणी म्हणेल. गेल्या वर्षीचं रजिस्टर मी पाहिलं, १४ पुस्तकं परत आलेली नाहीत, आणि ती सगळी सदस्यांकडे आहेत. नावं वाचून दाखवत नाही, सणासुदीचा दिवस आहे.

विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे, रंगकामाच्या कोटेशननंतर आणि 'आयत्या वेळचे विषय' याच्या आधी. रंगकामावर वाद होणार आणि निम्मे लोक उठून जाणार, हा आपला अनुभव आहे. कृपया सातव्या विषयापर्यंत बसावं. हात वर करायचा की खाली ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

मालिकेचा दुसरा भाग माझ्याकडे आहे. तो सध्या बी विंगमध्ये गेला आहे, पुढच्या सोमवारी परत येईल. त्यानंतर कोणाचा नंबर, ते सतरंजीवरच्यांनी आपसात ठरवून मला सांगा.